चोविसाव्या हिश्शाचा चिखल

दि. २ ऑगस्ट

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

लेकीच्या घरी सुखरूप पोहोचलो. पाय प्लास्टरमध्ये, प्लास्टर उशीवर आणि मी जावयांच्या आरामखुर्चीत, त्यामुळे तेही अवघडलेले. दीड महिना हलायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलंय. स्टुलावर चढून कपाटातली एकोणसाठ सालची इवलीशी कॅडिलॅक खाली काढायची काय गरज होती, असं तू दवाखान्यात चारचौघांत विचारलंस. गरज होती. सहा महिन्यांत तिला कुणी हातात घेतलं नव्हतं.

माझं घर सांभाळायला तू आलीस, उपकार आहेत. कपाटातल्या एकशे बासष्ट गाड्या काचेआड सुखात आहेत, त्यांची काळजी नको. टेबलावर मात्र चोपन्न सालचा शेवरोले पिकअप आहे, खऱ्याच्या चोविसाव्या हिश्शाचा, वीतभर लांब. आमच्या छोट्या गाड्यांच्या मंडळाचे चिटणीस २० तारखेला तो स्पर्धेसाठी न्यायला येतील. प्रवेशपत्र सही करून त्याच्या खालीच ठेवलंय. तेवढी गाडी नीट सांभाळ. बावीस वर्षं भाग घेतोय, पण या खेपेला पहिला नंबर माझाच.

लेक नमस्कार सांगते. रागाव हवं तर, पण माया आटवू नकोस.

तुझा
धाकटा

दि. ५ ऑगस्ट

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

पत्र मिळालं. फोन करू नकोस. फोनवर तू नुसता हळहळतोस, पत्रात निदान मुद्द्यावर येतोस.

घर ठीक आहे. स्वयंपाकघरातला गळका नळ दुरुस्त करून घेतला. घरात एकशे त्रेसष्ट गाड्या, आणि दवाखान्यात जायला शेजाऱ्यांची गाडी मागावी लागली, हे मी कुणाला सांगितलेलं नाही. शेजारी सांगताहेत.

तुझ्या पिकअपची मात्र मला लाज वाटली. चाकांवर चिखल, दारांना गंज, काचेवर धुळीचा थर. असली वस्तू चार लोकांत पाठवणार होतास? कोमट पाणी, साबणाचा चुरा आणि जुना टूथब्रश घेऊन बसले. पाऊण तास लागला. गंज हट्टी निघाला, त्याला स्पिरिट दाखवलं. आता निळा रंग असा उजळलाय की त्यात तोंड पाहून घ्यावं. नंबराची पाटी वाकडी होती, तीही सरळ केली.

आभार मानत बसू नकोस. पाय उशीवरच ठेव.

तुझी
ताई

दि. ७ ऑगस्ट

ताई,
सा. न. वि. वि. लिहिणार होतो, पण विशेष असं आता काही उरलंच नाही.

तो चिखल मी केला होता. तो गंजही. वर्षभर भिंगाखाली, तीन केसांच्या कुंचल्याने. पाटी वाकडी करायलाच मला एक रविवार लागला होता.

आमच्या मंडळात एक दंतवैद्य आहेत. अकरा वर्षं पहिला नंबर त्यांचा. गेल्या वर्षी माझ्या गाड्यांपुढे उभे राहून म्हणाले, की या गाड्या त्यांच्या मालकासारख्याच आहेत, कधी कुठे गेल्यासारख्या वाटत नाहीत. सगळे हसले. चिटणीससुद्धा. म्हणून हा पिकअप. पहिल्यांदाच माझी एखादी गाडी कुठूनतरी आल्यासारखी दिसत होती.

तू विचारलं नाहीस, मी सांगितलं नाही. अर्धी चूक माझी. चिटणीसांना कळव, माझं नाव काढून टाका म्हणावं.

तुझा
धाकटा

दि. ९ ऑगस्ट

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

नाव काढायचं नाही. एकतीस वर्षं मुलींना रसायनशास्त्र शिकवलं. घालवलेला गंज परत आणता येत नसेल, तर ती वर्षं फुकट गेली म्हणायची. आणि चूक पुरी माझी, त्यात तू अर्धा वाटा मागू नकोस. आधी नीट बघा, मग हात लावा, हे मी जन्मभर ओरडत आले, आणि स्वतः टूथब्रश घेऊन धावले. हा विषय इथे संपला.

काल अंगणातली माती लावून पाहिली. गाडीवर दरड कोसळल्यासारखी दिसायला लागली. मग डोक्यात उजेड पडला, की गाडी चोविसाव्या हिश्शाची तर मातीही तेवढीच बारीक हवी. नाहीतर वाळूचा एक कणसुद्धा धोंडा दिसतो. आता माती खलात घोटून मलमलीतून दोनदा गाळली आहे. गंजासाठी भांडी घासायची तारेची जाळी व्हिनेगरमध्ये बुडवून उघड्यावर वाळत ठेवली. उत्तम गंज येतोय. रंगवलेला नव्हे, खरा.

आज सकाळी कोपऱ्यावर पावाच्या गाडीमागे वही घेऊन उकिडवी बसले होते. ड्रायव्हर विचारायला आला, मी कुठल्या खात्याची. त्याला म्हटलं गाडी हलवू नका. चिखल चाकाच्या मागे उडतो, पुढे नाही. मुठीजवळ दार स्वच्छ असतं, कारण तिथे माणसाचा हात लागतो. तुझ्या मुठीजवळ काय केलं होतंस?

उलट टपाली कळव: रस्ता कोणता? पाऊस होऊन किती दिवस झाले? शेजारी कुणी बसतं का? तू अमेरिका पाहिलेली नाहीस हे मला ठाऊक आहे. तरी ठरवून सांग.

तुझी
ताई

दि. १२ ऑगस्ट

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र इथे मोठ्याने वाचलं. जावई उठून खाली गेले आणि स्वतःच्या गाडीखाली वाकून बघत बसले. तुझं खरं आहे म्हणतात.

मुठीजवळही मी चिखलच लावला होता. हे कुणाला सांगू नकोस.

रस्ता शेतातला, कच्चा. पाऊस होऊन चार दिवस झाले, म्हणजे खाली वाळलेला चिखल, वर धूळ. शेजारी कुणी बसत नाही, तेव्हा उजवं दार धुळीने भरू दे. चालवणारा डावीकडे बसतो, कोपर खिडकीबाहेर काढून, तेवढी कड घासलेली हवी. माणूस कमी बोलतो. त्याला घाई नाही.

एक मात्र ऐक. प्रवेशपत्रावर छापलंय, की सगळं काम सभासदाच्या स्वतःच्या हातचं आहे. त्याखाली माझी सही आहे. ती तशीच राहू दे. हात तुझा असला तरी डोकं माझंच आहे ना? चिटणीसांना चहा दे आणि आयुष्यात एकदा गप्प बस. हे बक्षीस मला हवंय, ताई.

इथे सगळे मजेत. तुझा वरदहस्त राहो, फक्त साबण नको.

तुझा
धाकटा

दि. २४ ऑगस्ट

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

निकाल लागला. मी स्वतः पाहायला गेले होते. आधी वाईट बातमी, म्हणजे चांगली वाचताना तुझा आवाज चढणार नाही. तुला नंबर नाही.

त्या प्रवेशपत्रावर मला गप्प बसता आलं नाही. ती ओळ खोडून खाली लिहिलं: गाडी धाकट्या भावाची, घाण थोरल्या बहिणीची. आणि सही केली. परीक्षकांनी आधी गुण दिले आणि मग कागद वाचला. गुण सर्वांत जास्त तुझ्या पिकअपला होते, हे चिटणीसांनी मला बाजूला घेऊन सांगितलं. मग तो वेगळ्या टेबलावर नेऊन ठेवला, स्पर्धेबाहेर अशी चिठ्ठी लावून. दंतवैद्यांचा बारावा पहिला नंबर.

त्यांची गाडीही पाहिली. काचेवर धूळ सगळीकडे सारखी. वायपर कधी फिरवला नाही का, असं मी त्यांना सर्वांसमोर विचारलं. त्यांनी तोंड उघडलं ते बराच वेळ मिटलं नाही.

तुला बक्षीस हवं होतं, ते मी घालवलं. खोट्या सहीवर ते आणून दिलं असतं, तर तुझ्या घरात मला राहवलं नसतं. राग येईल. येऊ दे. पाय आपटू नकोस.

तुझी
ताई

दि. २ सप्टेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आठवडाभर लिहिलं नाही. जे लिहिलं असतं, ते माझ्या वयाला शोभलं नसतं. लेकीने दोन वेळा तुझी बाजू घेतली, तिच्याशीही बोलत नव्हतो. जावई मधल्या मधे चहा करत होते.

काल दंतवैद्यांचा फोन आला. बावीस वर्षांत पहिल्यांदा. आधी पायाची चौकशी केली, मग हवापाण्याची. मला वाटलं, बारावा नंबर ऐकवायला केला असेल. तसं नव्हतं. घसा खाकरून म्हणाले, की त्यांच्या एका गाडीला असाच कच्च्या रस्त्याचा चिखल हवाय, पण त्यांना तो जमत नाहीये. तेव्हा ताईंना विचाराल का?

ताई, मी एका दमात सांगून टाकलं, की ताई पुढची तीन वर्षं मोकळी नाही. सगळा वेळ माझ्या कामात गेलेला आहे.

तुला न विचारता बोललो, क्षमा कर. फोन ठेवल्यावर तासभर शीळ घालत होतो. कपाटात अजून एकशे बासष्ट स्वच्छ गाड्या आहेत. सुरुवात कुठून करायची, ते तूच ठरव. मंडळाला मी आजच कळवलं, पुढच्या वर्षीचं प्रवेशपत्र दोघांच्या नावे.

लेकी-जावयाचे नमस्कार. आशीर्वाद आणि धूळ, दोन्हींचा धनी,

धाकटा