मंगळावरच्या शिव्यांची निरवानिरव

मी, मोतीराम उकंडराव खोडके, वय वर्षे बासष्ट, मोजणी खात्यात नकाशे काढणारा पेन्शनर कारकून, राहणार डोणगाव, तालुका मेहकर, जिल्हा बुलढाणा, असे लिहून ठेवतो की माझी प्रकृती बरी आहे, बुद्धी शाबूत आहे आणि या कामी मला कोणी भरीस घातलेले नाही. बुद्धीबद्दल माझी पत्नी मंजुळाबाई हिचे मत निराळे होते. परंतु ती गेल्या चैत्रात वारली, त्यामुळे हरकत घेणारे कोणी उरले नाही.

कलम १. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. यापूर्वी मी फारसे काहीच केलेले नाही, एक पुस्तक सोडून. त्याचा मजकूर कलम ४ पासून आहे.

कलम २. राहते घर, मागचे परस आणि विहिरीतील अर्धा हिस्सा माझी पुतणी तानुबाई हिला द्यावा. मंजुळाबाईच्या आजारात तिने रात्रंदिवस केले. मी त्या काळात बहुतेक वेळ उंबऱ्यात उभा असे. पोस्टातील शिल्लकही तिचीच. आम्हांस मूलबाळ नाही.

कलम ३. कंपासपेटी, लांब फूटपट्टी आणि शाईच्या दौती गावच्या मराठी शाळेस द्याव्यात. पेटीतील पितळी टाक एका बाजूने झिजला आहे. मुलांनी तो डाव्या हाताने धरू नये.

कलम ४. मी ‘मंगळाची मोजणी’ या नावाची एक शास्त्रीय कादंबरी लिहून खामगावी छापून घेतली. मंगळावर कालवे असल्याचा एक नकाशा मी मासिकात पाहिला होता. कालवे आहेत म्हणजे हद्दी आहेत, हद्दी आहेत म्हणजे तंटे आहेत, तेव्हा तिथे मोजणीची तुकडी पाठवलीच पाहिजे, असे मला वाटले. याहून मोठी कल्पना मला आयुष्यात सुचली नाही, आणि हीसुद्धा कचेरीत सुचली.

पहिले प्रकरण मी मंजुळाबाईस वाचून दाखवले. ती तुरीची डाळ निवडत होती. मंगळावरच्या गाडीवानाच्या पायावरून चाक जाते, तिथे तिने सूप खाली ठेवले.

“पायावरून चाक गेलं अन् हा मानूस ‘अरेरे, काय हा दैवदुर्विलास’ म्हनते? असा गाडीवान मी मेहकराच्या बजारात नाही पाह्यला. मंगळावर कुठून येईन?”

मी म्हणालो, “शिव्या छापता येत नाहीत.”

“आपल्या नका छापू. आपल्या शिव्या तिकडं लागतीन तरी का? तिकडच्या मानसाले भेव कशाचं हाये, ते सांगा.”

“पाणी आटण्याचं.”

“अन् चांद किती?”

“दोन.”

“दोन!” तिने डाळीतला एक खडा उचलून फेकला. मग म्हणाली, “लिहा. ‘दोही चांदानं टाकलेल्या कोरडरांज्या!’”

मी लिहिले. कोरडा रांजण म्हणजे ज्याच्या घरी प्यायला थेंब नाही, असा त्याचा अर्थ तिने सांगितला. पुढे ‘खडभुंग्या’, ‘धूळपोट्या’ आणि सासूने सुनेला द्यायची एक लांबलचक शिवी, अशा एकूण बावीस शिव्या तिने केल्या. कोणत्याही शिवीत कोणाची आईबहीण वा जात नाही. मी विचारले तेव्हा म्हणाली, “इकडचा कचरा तिकडं कायले न्या?” कादंबरीतील ग्रहगोलांचे अंतर मी पाच वेळा तपासले होते. माणसे मात्र तिने तोंड उघडले तेव्हाच तिथे राहायला गेली.

कलम ५. माझा अपराध. पुस्तकाच्या प्रस्तावनेत मी असे छापले: ‘यातील अपशब्द ग्रंथकाराने मंगळाच्या हवामानाचा विचार करून स्वतः सिद्ध केले आहेत.’ बायको शिव्या करते असे लोक म्हणतील, याची मला लाज वाटली. मंजुळाबाईस वाचता येत नसे. तानुबाईने तिला प्रस्तावना वाचून दाखवली. त्यानंतर आठ दिवस मंजुळाबाईने मला केवळ पुस्तकातील शब्दांनीच हाक मारली. नवव्या दिवशी हसली आणि म्हणाली, “तुमच्या शिव्या हायेत ना? मंग एकदा तुमच्या तोंडानं देऊन दाखवा.”

मी दिली नाही. मला देता येत नाही. तीस वर्षांच्या नोकरीत गड्यांनी मोजणीची साखळी उलटी धरली तरी मी “बाबा, जरा सुलट” यापलीकडे गेलो नाही. याला लोक सौजन्य म्हणत. मंजुळाबाई याला बद्धकोष्ठ म्हणत असे.

कलम ६. पुस्तक खपले नाही. माझे स्नेही किसनराव मास्तर वाचनालयात सर्वांसमक्ष म्हणाले होते, “शिव्या वगळल्या तर या पुस्तकात काही नाही.” त्याबद्दल मी त्यांच्याशी अकरा वर्षे बोललो नाही. आता विचार करता त्यांचे मत अचूक होते, आणि तो राग मी या कलमान्वये सोडून देतो. त्यांना आणखी काही देता येत नाही, कारण ते साक्षीदार आहेत.

बऱ्याच प्रती किराणा दुकानात पुड्यांसाठी गेल्या. त्यातून शिव्या घरोघर पोचल्या, कादंबरी कुठेच पोचली नाही. पुढे खामगावच्या कापूसबाजारात एक गाडीवान आपल्या बैलाला “कोरडरांज्या” म्हणताना मी ऐकला. हा शब्द माझ्या घरात झाला, असे त्याला सांगावे म्हणून मी दहा पावले गेलो आणि भाव विचारून परत आलो.

उरलेल्या प्रती माळ्यावर आहेत. तानुबाईने प्रत्येक प्रतीच्या प्रस्तावनेवर खळीने अशी चिठ्ठी डकवावी: ‘या पुस्तकातील सर्व शिव्या मंजुळाबाई मोतीराम खोडके यांनी केल्या आहेत. बाकीचा मजकूर नवऱ्याचा आहे.’ मग त्या प्रती मागेल त्याला फुकट द्याव्यात. कोणी न मागितल्यास किराणा दुकानात द्याव्यात. तिथे वाचक आहेत.

कलम ७. आजारपणात शेवटच्या आठवड्यात मंजुळाबाई मला म्हणाली, “एकदा म्हना ना. मले ऐकू द्या.” मी तिला पाणी पाजले.

दहाव्या दिवशी पैनगंगेच्या काठी पिंड ठेवला. कावळे बाभळीवर होते, खाली येईनात. तिचा भाऊ इंद्रभान म्हणाला, “दाजी, तिचं काई राह्यलं असन तर बोला.” तानुबाईने तुळशीचे पाहीन असे सांगितले. इंद्रभानने आपल्या मुलीच्या लग्नाचे सांगितले. कावळे ढिम्म. काय राहिले ते मला ठाऊक होते. शब्द घशापर्यंत आला होता. काठावर चाळीस माणसे होती, त्यांत माझे जुने साहेब होते. मी म्हणालो, “उशीर होतोय.” मग दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला.

घर, शिल्लक, कंपासपेटी यांची व्यवस्था कोणीही लावली असती. हे मृत्युपत्र मी या एका देण्यासाठी करीत आहे.

कलम ८. म्हणून खाली सही करताना मी कलम ४ मधील पहिली शिवी, पूर्ण, दोन्ही साक्षीदारांस ऐकू जाईल अशी उच्चारीन. साक्षीदारांनी सहीबरोबर तिचीही साक्ष द्यावी. माझ्या दहाव्याला कावळा शिवो न शिवो, कोणी काही कबूल करू नये. माझे काही राहिलेले नसेल.

मुक्काम डोणगाव, तारीख २ डिसेंबर १९३१.

सही: मोतीराम उकंडराव खोडके

साक्षीदार १: किसनराव मास्तर, राहणार डोणगाव. मृत्युपत्रकर्त्याने आमच्यासमक्ष सही केली. कलम ८ प्रमाणे शिवी दिली, ती प्रथम मला ऐकू आली, इंद्रभान यांस आली नाही. दुसऱ्यांदा उभे राहून दिली. त्यावर रस्त्यावरून “कोन हाये बे?” असा जबाब आला. मृत्युपत्रकर्ते खाली बसले व त्यांनी पाणी मागितले.

साक्षीदार २: इंद्रभान, मयत मंजुळाबाईचा भाऊ, राहणार उंद्री. ऐकलं. माह्या बहिनीचाच शब्द हाये.