वाहनालंकाराचे चालू खाते

२२ ऑगस्ट २०२५, शुक्रवार. पोळा. सायंकाळ.

मच्छिंद्र सलूनवाल्याने आज मारुतीच्या पारावर चारचौघांना सांगितलेली हकिकत तीन ठिकाणी चुकीची आहे. त्याचे म्हणणे असे : "तात्या काल नातीला घिऊन बँकेत गेल्ते. तिथं लई आरडाओरडा केला. मग शिपायानं त्यांला भायेर काढलं."

वस्तुस्थिती पुढीलप्रमाणे. त्या शाखेत शिपाई नाही, सुरक्षारक्षक आहे. मी आरडाओरडा केला नाही. मधल्या काचेला भोक लहान असल्यामुळे स्वर चढवावा लागला. आणि मला बाहेर काढण्यात आले नाही. सुरक्षारक्षकाने दार उघडून धरले, मी बाहेर पडलो.

मूळ विषय नोंदवून ठेवतो. माझी नात पंकजा, वय सतरा, बारावीत. ट्रॅक्टरचा साज बनवते : लोकरीचे गोंडे, मण्यांच्या माळा, बोनेटवरची आरशांची झालर. गेल्या हंगामात तिने आपल्या वडिलांचा, म्हणजे माझ्या मुलाचा, अजिनाथचा ऊसवाहतुकीचा ट्रॅक्टर सजवला. कारखान्याच्या रांगेत बाकीचे ड्रायव्हर गोंडे हाताळून पाहू लागले. तेथून मागणी सुरू झाली. आता घोडेगावच्या ट्रॅक्टर शोरूमचे मालक नियाजभाई यांनी दसऱ्याला विकल्या जाणाऱ्या प्रत्येक ट्रॅक्टरसाठी साज मागितला आहे. त्यांची अट एकच : पैसे रोख नाही, पोरीच्या मोबाईलवर नाही, व्यवसायाच्या नावाच्या चालू खात्यातच. मुदत घटस्थापना. तोवर खाते नसेल तर ते साज बाहेरून मागवणार.

बँकेच्या तमन्ना मॅडम म्हणाल्या की पंकजाला अठरा पूर्ण नाहीत, ती फेब्रुवारीत होतील. तोपर्यंत घरातल्या कोणी मोठ्याने मालक व्हावे, मग चालेल. "आई, वडील, कुणीही." एवढ्या महत्त्वाच्या पदासाठी "कुणीही" हा शब्द योजल्याबद्दल मी त्यांना समज दिली. स्वर चढला तो तेव्हाच.

मालकपद मी स्वीकारले आहे. पंचायत समितीत एकतीस वर्षे मुख्य लिपिक होतो, माझा एकही मसुदा वरून परत आला नाही. पंकजा म्हणाली, "तात्या, फक्त फेब्रुवारीपर्यंत हां." मी स्मित केले.

संकल्प : आठ दिवसांत खाते.

२५ ऑगस्ट, सोमवार.

नावाचा प्रश्न. पंकजाने इन्स्टाग्रामवर व्यवसायाचे नाव "पंकू गोंडा हाऊस" असे ठेवले आहे. या नावाने बँकेत उभे राहणे मला शक्य नाही. मी सुचवलेले नाव : "पंकजा वाहनालंकार निर्मिती व पुरवठा केंद्र, सोनई. संस्थापक : सहादेव तात्या." पंकजा म्हणाली, "तात्या, ह्ये ट्रॅक्टरपेक्षा मोठं हाय." सूनबाई विजयमाला चुलीकडे तोंड करून हसल्या. हसण्यासारखे काय होते ते त्यांनी सांगितले नाही.

बोर्ड रंगवायला दिला. पेंटरला "अलंकार"मधला अनुस्वार दोनदा दाखवला.

२९ ऑगस्ट, शुक्रवार.

शॉप ॲक्ट आणि उद्यम नोंदणी पंकजाने आमच्या गणपतीसमोर बसून मोबाईलवर केली. मी शेजारी बसून मार्गदर्शन केले. तिने कानात हेडफोन घातले होते, तरी मार्गदर्शन चालू ठेवले. नोंदणी माझ्या नावाने झाली. व्यवसायाचे नाव सामोपचाराने "पंकजा वाहनालंकार" एवढेच राहिले, कारण बाकीचे तिने टाईपच केले नाही.

आठ दिवस झाले. खाते नाही. हे आठ दिवस तयारीत मोडतात. संकल्पाची गणना अर्ज दिल्यापासून.

४ सप्टेंबर, गुरुवार.

अर्ज दिला. सोबत व्यवसायाचा पूर्वेतिहास, उद्देश व माझा अल्प परिचय असे चार पानी निवेदन जोडले. तमन्ना मॅडमनी आधार आणि पॅन घेतले आणि निवेदन माझ्याकडे परत सरकवले. "तात्या, हे तुमच्याकडंच जपून ठेवा." निवेदनाची योग्यता त्यांच्या लक्षात आली असावी.

पुढे म्हणाल्या, "आमचं माणूस जागा बघायला येईल. किंवा मीच येईन. बोर्ड लावून ठेवा, काम चालू दिसू द्या. मग दोन दिवसांत खातं."

बोर्ड शेडच्या दारावर लावला. रस्त्यावरून स्पष्ट दिसतो. येता-जाता तीन वेळा पाहिला.

८ सप्टेंबर, सोमवार.

आजपासून पितृपक्ष. मी अंधश्रद्ध नाही. परंतु ज्या कुळात पंधरवड्यात नवी चप्पलसुद्धा कोणी घेतली नाही, त्या कुळाने याच दिवसांत नव्या पेढीचा बोर्ड मिरवावा, हे मला मान्य नाही. बोर्ड उतरवला आणि भिंतीकडे तोंड करून ठेवला. घटस्थापनेला पुन्हा लावू. तोच योग्य आरंभ.

पंकजा संतापली. "तात्या, गोंडे तर आमी रोजच बनवतोय. मग बोर्डानं काय घोडं मारलं?" मी सांगितले की गोंडे हे जुने काम, पेढी हे नवे काम. ती म्हणाली, "अन् बँकवाली आली तर?" मी म्हणालो, बँकेतही माणसेच असतात, त्यांच्याकडेही पितर असतात.

अजिनाथ ट्रॅक्टरखाली पडल्या पडल्या म्हणाला, "पंकू, जाऊ दे. तात्यापुढं कुणाचं चाललंय." मुलाची समज उशिरा आली, पण आली.

१२ सप्टेंबर, शुक्रवार.

वडिलांचे श्राद्ध. घरी भाऊबंद जेवायला. मी पत्र्यावर कावळ्याचे पान ठेवून वाट पाहत होतो. कावळा समोरच्या बाभळीवर आला होता. तेवढ्यात स्कूटर आली आणि तो उडाला.

स्कूटरवर तमन्ना मॅडम. शेड बंद, बोर्ड उलटा, पंकजा कॉलेजात. त्यांनी विचारले, "तात्या, पंकजा वाहनालंकार हेच ना?" मी सत्य तेच सांगितले : "आज येथे कोणताही नवा व्यवसाय नाही. घटस्थापनेनंतर या." त्यांनी पुन्हा विचारले, "म्हणजे इथं काम चालत नाही?" मी म्हणालो, "या पंधरवड्यात नाही." त्यांनी मोबाईलवर फोटो काढला. फोटोत उलटा बोर्ड, शेडचे कुलूप, पत्र्यावरचे पान आणि मी.

जेवून जाण्याचा आग्रह केला. त्या म्हणाल्या, अजून दोन ठिकाणी जायचे आहे. जाताना सूनबाईंशी फाटकात थोडे बोलल्या. बहुधा खिरीविषयी.

कावळा परत आला नाही. याचा दोष स्कूटरकडे जातो.

१५ सप्टेंबर, सोमवार.

बँकेचे पत्र आले, मोबाईलवर. पंकजाने वाचून दाखवले : दिलेल्या पत्त्यावर व्यवसाय आढळला नाही, सबब अर्ज परत. मी अपील लिहायला घेतले आहे. शीर्षक : "आढळणे आणि असणे यांतील भेद".

पंकजाने मोबाईल पालथा ठेवला. नंतर एवढेच म्हणाली, "तात्या, घटस्थापनेला आठ दिवस राह्यलेत. नियाजचाचांनी दुसऱ्याकडून माल घेतला तर शेडमधली सगळी लोकर उंदरांना घालू का?" या प्रश्नाचे उत्तर अपिलात येईल, असे सांगितले. ती उठून गेली. तिचे डोळे लाल होते. लोकरीचे बारीक तंतू डोळ्यांत जातात.

दुपारी सूनबाई आणि पंकजा दळणाला गेल्या. गिरणी गल्लीच्या तोंडाशी आहे. परतायला दोन तास लागले. पीठ आणलेच नाही. दळणाला जाताना आधार कार्ड कशाला लागते, हे मी विचारले नाही. स्त्रियांच्या कामात मी लुडबुड करत नाही.

१७ सप्टेंबर, बुधवार.

सकाळी उठलो तो बोर्ड शेडच्या दारावर, सुलटा. कोणी लावला, कोणी बोलेना. मी उतरवायला स्टूल घेतले. सूनबाई म्हणाल्या, "तात्या, स्टूल मोडकं हाय. पडाल." सूनबाई पंचवीस वर्षांत माझ्या कामात कधी पडल्या नव्हत्या. स्टूल खरेच हलत होते. सायंकाळी उतरवू असे ठरवले आणि दुपारी झोपलो.

झोपेत स्कूटरचा आवाज आल्यासारखा वाटला.

१९ सप्टेंबर, शुक्रवार.

अपील अकरा पानांचे झाले. संक्षेप करणे आवश्यक. संक्षेप चौदा पानांचा झाला.

२० सप्टेंबर, शनिवार.

स्वतः एसटीने घोडेगावला गेलो. नियाजभाईंकडे दसऱ्यापर्यंत मुदतवाढ मागायची होती. मी बोलण्यास सुरुवात करताच त्यांनी खुर्ची दिली, चहा मागवला आणि म्हणाले, "तात्या, तुमी कशाला टेन्शन घेता? आमचं काम झालंय. घरी जा, आराम करा." तीन वाक्यांत मुदतवाढ. व्यक्तिमत्त्वाचा परिणाम म्हणतात तो असा.

पंकजाला ही बातमी दिली. ती म्हणाली, "बरं झालं तात्या." तिच्या स्वरात आश्चर्य पुरेसे नव्हते.

२२ सप्टेंबर, सोमवार. घटस्थापना.

सकाळी घट बसले. धुतलेले धोतर, कोट, टोपी. अपील व निवेदन फाईलमध्ये. बँक उघडण्यापूर्वी पायरीवर उभा.

तमन्ना मॅडमनी संगणकात पाहिले, मग माझ्याकडे पाहिले, मग पुन्हा संगणकात. त्या म्हणाल्या, "तात्या, पंकजा वाहनालंकारचं खातं बुधवारीच सुरू झालंय. सोनईचाच पत्ता. मीच व्हेरिफिकेशनला येऊन गेले. तुम्ही आत झोपला होता म्हणे."

मी विचारले, मालक कोण? त्या म्हणाल्या, "विजयमालाताई. नवी नोंदणी करून आणली त्यांनी."

मी फाईल बंद केली. रांगेत मागे उभा असलेला एक गृहस्थ म्हणाला, "आजोबा, झालं असंल तर सरका जरा." सरकलो.

घरी आल्यावर मी एकच प्रश्न विचारला : मला का सांगितले नाही? अजिनाथ बाहेर निघून गेला. सूनबाई घटाला पाणी घालत राहिल्या. पंकजा म्हणाली, "तात्या, तुमाला सांगितलं असतं तर तुमी अमावास्येपर्यंत थांबवलं असतं. दसरा कुनासाठी थांबत न्हाई." मग हळू म्हणाली, "राग आला का?"

मी म्हणालो, नाही.

रात्री जेवलो नाही. नवरात्राचा उपवास होताच.

२४ सप्टेंबर, बुधवार.

राग आलेला नाही, हे दोन दिवस घरात न बोलता सर्वांना स्पष्टपणे दाखवले. आज पंकजा शेडमधून आली. शोरूमचा माल अडला होता, हात कमी पडत होते. म्हणाली, "तात्या, गोंड्यांना गाठी मारायला येता का? तुमच्या हाताला सवय हाय, फायलींना सुतळ्या बांधून बांधून."

मी गुणवत्ता नियंत्रणाची जबाबदारी स्वीकारली. पहिल्या सर्व गाठी सुटल्या. पंकजाने पुन्हा करून दाखवल्या : दोन वेढे, आतून घ्यायचे, मग ओढायचे. सरकारी गाठ वेगळी असते. ती फाईल पुन्हा उघडता यावी म्हणून मारतात.

२९ सप्टेंबर, सोमवार.

माझी गाठ आता सुटत नाही. सूनबाईंनी ओढून पाहिली. मग पुढचा गोंडा दिला.

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा.

शोरूमसमोर ट्रॅक्टरांची रांग, प्रत्येकाच्या बोनेटवर आमची झालर. नियाजभाईंनी पंकजाच्या डोक्यावर हात ठेवला, म्हणाले, "पोरीनं नाक राखलं आमचं." एक ड्रायव्हर गोंडा ओढून पाहत होता. मी त्याला म्हणालो, "ओढा, ओढा." तुटला नाही.

सायंकाळी पारावर सोने वाटताना मच्छिंद्राने सर्वांना सांगितले, "तात्यानं महिनाभर घोळ घातला अन् विजयमालावैनींनी एका दुपारी खातं उघाडलं." सगळे हसले. अजिनाथही हसला. घरी येऊन त्याने पुन्हा तेच सांगितले, या वेळी पाहुण्यांना.

६ ऑक्टोबर, सोमवार. रात्र.

लोकांच्या तोंडी फिरत असलेल्या तारखा चुकीच्या असल्यामुळे त्या येथे दुरुस्त करून ठेवतो.

२१ ऑगस्ट : व्यवसायाचा आरंभ. पंकजा म्हणते आरंभ गेल्या हंगामात झाला. तो छंद होता. बँकेत पाऊल पडले की व्यवसाय होतो, आणि पहिले पाऊल माझे होते.

४ सप्टेंबर : पहिला अर्ज माझा. तो परत आला, हे खरे. पण दुसरा अर्ज कोणता कागद कोठे लागतो हे पहिल्यामुळेच शिकला.

१२ सप्टेंबर : मी बँकेला परत पाठवले, असे मच्छिंद्र म्हणतो. मी पुढील तारीख दिली. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत.

१५ सप्टेंबर : दळण. पीठ मी दुसऱ्या दिवशी स्वतः जाऊन आणले.

१७ सप्टेंबर : खाते सुरू. ही तारीख मान्य. पक्ष पंधरवड्यात खाते उघडूनही काही वाईट घडले नाही, हेही मान्य. परंतु एवढ्या लहान कालावधीवरून निष्कर्ष काढणे घाईचे होईल.

२२ सप्टेंबर : खात्यात पहिली रक्कम जमा झाली ती घटस्थापनेला, म्हणजे मी सांगितलेल्या मुहूर्तावर.

४ ऑक्टोबर : खात्यातून पहिली रक्कम बाहेर गेली. ती माझ्या पेन्शनच्या खात्यात आली. म्हणजे या चालू खात्याने पहिला व्यवहार ज्याच्याशी केला, तो मी. नोंदीपुढे "मजुरी" असे लिहिले आहे. "मानधन" करून घे, असे पंकजाला सांगितले. ती म्हणाली, "तात्या, एकदा गेलं की बदलत न्हाई."

७ ऑक्टोबर : ही तारीख उद्याची आहे, त्यामुळे अद्याप कोणी चुकवलेली नाही. दिवाळीचा माल सुरू होतोय. पंकजाने आठ वाजता यायला सांगितले आहे. मी साडेसातला जाईन.