आपलंच ना गं?

प्रिय दादा,

आई टाळ्या वाजवत गेली, असं तू तिकडे परदेशात सगळ्यांना अभिमानाने सांगतोस म्हणे. मीच तुला तसं सांगितलं होतं, आणि ते खोटं नाही.

फक्त ती तेव्हा जिन्यात होती. दवाखान्याची लिफ्ट बंद होती, म्हणून वॉर्डबॉय मामा आणि मी तिला खुर्चीत बसवून चौथ्या मजल्यावर नेत होतो. दुसऱ्या मजल्यावर टीव्हीभोवती ही गर्दी! आपलं यान चंद्रावर उतरत होतं. मामांनी खुर्ची खाली टेकवली. मीही टेकवली रे. यान उतरलं तसे सगळे नाचायला लागले. धापा टाकत आईने विचारलं, "आपलंच ना गं?" मी म्हटलं, "आपलंच." मग तिने टाळ्या वाजवल्या.

ऑक्सिजन चौथ्या मजल्यावर होता. आम्ही पोचलो तेव्हा त्याची गरज उरली नव्हती.

हे पत्र मी टाकणार नाही. इथलं काही बिघडलं की तू म्हणतोस, "तुमच्याकडे हे असंच चालायचं!" त्या दिवशी मात्र तुझा मेसेज होता, "आपण करून दाखवलं!"

लिफ्टही आपलीच होती, दादा.

तुझी,
छोटी