अडचण झाल्यास गाडी हलवावी

बॅलिनाक्ली, काउंटी रॉसकॉमन
जूनचा शेवटचा सोमवार

प्रिय फिन्टन,

देवाची तुझ्यावर कृपा असो, आणि तुझ्या डाव्या गुडघ्यावर जरा जास्त असो. इकडे सगळं ठीक आहे. म्हणजे ऊना ठीक आहे, आणि मीही ठीक आहे असं माझं म्हणणं आहे. तांबडी गाय व्याली, वासरू चांगलं धडधाकट आहे. पाऊस आहे (हे लिहायची खरं तर गरज नव्हती). तुझ्या खालच्या मजल्यावरची ती बाई अजून पहाटे भोंगा वाजवायचा सराव करते का, की देवाने तुझं ऐकलं?

पत्र लिहायचं कारण म्हणजे सल्ला हवा आहे. उभा जन्म तू त्या देशात काढलास, तिथल्या लोकांच्या खोडी तुला ठाऊक. पण सल्ला द्यायचा तर सगळी हकिकत माहीत हवी, आणि डिंपनाच्या अंत्यविधीला तू तर नव्हतास, म्हणून पहिल्यापासून सांगतो. (तू आला नाहीस म्हणून मी बोल लावत नाही. आईचं बश्यांचं कपाट तिने कोणाला न विचारता बर्मिंगहॅमला नेलं, तेव्हा ‘हिच्या मयताला पाय ठेवणार नाही’ असं तू भरल्या दुकानात म्हणालास, आणि आपल्या घराण्यात माणसं मरतात पण हट्ट मरत नाहीत. बारा वर्षं सख्ख्या बहिणीशी न बोलणं सोपं नाही. मला तर ऊनाशी जेवणापर्यंत अबोला धरवत नाही.)

आधी माझ्या जिवाला काय घोर लागलाय ते सांगतो. येत्या गुरुवारी मला डॉक्टर ग्रोगनकडे जायचं आहे. पंचाहत्तरी झाली की गाडीच्या लायसन्ससाठी डॉक्टरची सही लागते. डोळे उत्तम आहेत, रक्तदाब त्याच्यापेक्षा माझा बरा आहे. पण ऊनाने त्याला परस्पर फोन करून सांगितलं की ह्याच्या डोक्याचं तेवढं बघा, हा गाडी एकीकडे लावतो आणि शपथ दुसरीकडची घेतो. सही मिळाली नाही तर मी संपलो, फिन्टन. इथे बस आठवड्यातून दोनदा येते, त्यातली एकदा चुकून. गुरांचा बाजार, चर्च, दलदलीतून खणलेलं मातीचं जळण आणणं, सगळं त्या चावीवर आहे. आणि चावी सध्या पिठाच्या डब्यात आहे, हे मला कळलंय ते ऊनाला माहीत नाही.

हे सगळं उपटलं ते त्या अंत्यविधीतून. तिकडची रीत तू जाणतोस. माणूस गेल्यावर तीन-तीन आठवडे ताटकळत ठेवतात. आपल्याकडे तिसऱ्या दिवशी माणूस मातीत आणि गाव चहाला. नॉकहून विमानाने बर्मिंगहॅमला गेलो आणि तिथल्या विमानतळावर भाड्याची गाडी घेतली, पांढरी, इतकी स्वच्छ की बसताना बूट काढावेसे वाटले. काउंटरवरच्या मुलीने माझ्याकडून सात ठिकाणी सह्या घेतल्या. मी विचारलं, बाई, मी गाडी नेतोय की तुझ्याशी लग्न करतोय? ती हसली नाही. (सातवी सही काय होती ते आता कळलं. तक्रार कोणाचीही येवो, ती माझ्या नावावर ढकलायची आणि ढकलण्याची मजुरी माझ्याच कार्डावरून कापायची, त्याची ती परवानगी होती.)

चर्चपाशी पोचलो तर ही गर्दी. अर्धं रॉसकॉमन लोटलं होतं. ऊनाला फुलांसकट दारात उतरवलं आणि गाडी चर्चच्या फाटकालगत लावली. जागा जरा अडचणीची होती हे मी कबूल करतो, म्हणून आपण इथे नेहमी करतो तेच केलं. चावी गाडीतच ठेवली, आणि काचेमागे कागद लावला: ‘मी आत आहे. अडचण झाल्यास गाडी हलवावी. चावी आतच आहे. मॅलकी.’ यात चुकलं काय, सांग. बॅलिनाक्लीत कोणाच्याही लग्नामयताला माझी गाडी मी लावली तिथेच सापडली असं गेल्या चाळीस वर्षांत झालेलं नाही. आणि ती कोणी चोरलीही नाही, उलट एकदा कोणीतरी हवा भरून ठेवली होती.

मिस्सेची प्रार्थना सुंदर झाली. तू नव्हतास म्हणून सांगतो, तिच्या बर्नाडेटने आईचं आवडतं भजन म्हटलं, आणि दुसऱ्या कडव्याला मागच्या बाकांवर कोणीतरी इतक्या मोठ्याने नाक शिंकरलं की फादर थांबले. मी मागे वळून पाहिलं नाही. पुढच्या बाकावरून मागे पाहणं बरं दिसत नाही.

बाहेर आलो, शववाहिका फाटकात नीट उभी होती, आणि माझी गाडी नव्हती. मग दिसली, शेजारच्या बुटक्या भिंतीपलीकडे, गालिच्यांच्या दुकानाच्या आवारात, दोन पांढऱ्या रेघांच्या मधोमध, पट्टीने आखल्यासारखी. कागद घडी करून पुढच्या कप्प्यात ठेवलेला. मी म्हटलं, बघा, कोणीतरी भल्या माणसाने हलवली. ऊना म्हणाली, कोण भला माणूस, तूच लावलीस आणि विसरलास. मी भेटेल त्याला विचारलं. कोणीच हलवली नव्हती. आत बसलो तर सीट इतकी पुढे ओढलेली की गुडघे स्टिअरिंगला टेकले. मी ते ऊनाला दाखवलं, तर म्हणाली की भाड्याच्या गाड्यांच्या सीटा अशाच असतात. मग शववाहिका डिंपनाला दहनासाठी घेऊन गेली, आम्ही सगळे चर्चच्या सभागृहात चहाला गेलो, हॅमच्या सँडविचा खाल्ल्या, प्रत्येकाचा हात हातात घेऊन झाला, आणि गाडी त्या आवारात दुपार कलेपर्यंत राहिली. तिथे खांबावर कॅमेरा आहे हे कोणाला ठाऊक? आपल्याकडे खांबावर कावळा असतो.

सहा आठवड्यांनी पत्र आलं, त्या आवाराची राखण करणाऱ्या कंपनीचं. वर ठळक लाल अक्षरं, खाली काळ्या-पिवळ्या चौकटी, मला वाटलं खुनाचा आरोप आहे. आवार दुकानाच्या गिऱ्हाइकांसाठी राखीव, आपण गिऱ्हाईक नव्हता, सबब शंभर पौंड, लवकर भरल्यास साठ. (दुःखातही घासाघीस.) ऊनाने ते पत्र वाचलं आणि माझ्याकडे असं पाहिलं जसं आपण शेवटच्या काळात आईकडे पाहायचो. तिथपासून माझी झोप उडाली.

मी पत्र घेऊन सार्जंट टॅनसीकडे गेलो. त्याने चष्मा लावून दोनदा वाचलं.

“मॅलकी, हा दंड नाही,” तो म्हणाला. “दंड सरकार करतं. हे नुसतं बिल आहे, रागावलेलं.”

मग भरायचं नाही का, मी विचारलं. तो म्हणाला, मी पोलीस आहे, मला काय विचारतोस? दुकानात विषय काढला तर चार तोंडं आणि चौदा सल्ले. एक म्हणाला चुलीत घाल. दुसरा म्हणाला, भरून टाक, त्याच्या मेव्हण्याने भरलं नाही तर घरी वसुलीवाले आले (मेव्हणा कुठला विचारलं, तर तो मेव्हण्याचा मित्र निघाला). पोस्टातल्या असम्प्टाने पाकीट उजेडात धरून सांगितलं की कागद स्वस्त आहे, अशा लोकांना भ्यायचं नसतं. त्या दिवशी मी भ्यायलो नाही. रात्री भ्यायलो.

फोन लावला. बाईचा आवाज म्हणाला, बिल भरायला एक दाबा. बोलण्यासाठी काय दाबायचं ते शेवटपर्यंत आलंच नाही. फिन्टन, माझं आयुष्य माणसांशी बोलून गेलं. बँकेचा मॅनेजर असो की पिसाळलेला बैल, समोर उभं राहून दोन शब्द बोललं की मार्ग निघतो. पण ज्या आवाराला माणूसच नाही, त्याच्याशी बोलायचं कसं? शेवटी चार पानी पत्र लिहिलं. अंत्यविधी होता, शववाहिकेला वाट हवी होती, गाडी मी लावलेली नाही, सगळं लिहिलं, आणि पुरावा म्हणून डिंपनाचं स्मरणकार्ड जोडलं, तिचा हसरा फोटो आणि मागे प्रार्थना असलेलं. म्हटलं, तिचा चेहरा पाहून तरी पाझर फुटेल.

उत्तर आलं. आमच्या दुःखात ते सहभागी होते, एक ओळभर. पुढे म्हटलं होतं की जोडलेला कागद ग्राह्य नाही. दुकानातून खरेदी केल्याची पावती पाठवा, अथवा गाडी कोण चालवत होतं त्याचं नाव-पत्ता कळवा, म्हणजे पुढचा व्यवहार आम्ही त्यांच्याशी करू. सोबत पुरावा म्हणून फोटो. (स्मरणकार्ड परत पाठवलं नाही. डिंपना आता कुठल्याशा फाइलीत आहे. तिला असल्या लोकांना सरळ करायला आवडायचं, तेव्हा कदाचित तिचं बरं चाललं असेल.) पावतीच हवी असेल तर फोनवरून एक गालिचा मागवावा असं माझ्या मनात आलं. ऊना म्हणाली, गालिच्यांचं दुकान आणि डॉक्टर दोघांनाही एकाच दिवशी फोन करते.

तर सल्ला असा हवा: पैसे भरू की न भरू? तुझ्या माहितीत तिकडे लोक काय करतात? सावकाश कळव, पण गुरुवारच्या आत.

ऊनाचा नमस्कार. ती म्हणते गुडघ्याला हंसाची चरबी चोळ.

तुझा भाऊ,
मॅलकी

ता.क. वासराचं नाव अजून ठेवलेलं नाही. ऊनाला डिंपना ठेवायचंय. मी म्हटलं, ते वासरू गरीब आहे.

दुसरा ता.क. पैशांचं सोड. ते मी शुक्रवारीच भरून टाकले, साठ नव्हे, पुरे शंभर, कारण तोवर सवलत गेली होती. पत्र लिहायचं कारण ते नव्हतंच. कंपनीने पाठवलेला फोटो गाडी आवारात शिरतानाचा आहे, समोरून काढलेला. चेहरा टोपीने अर्धा झाकलाय, पण टोपी बाबांची आहे. ज्या माणसाने आईच्या कपाटावरून एवढं रामायण केलं त्याने बाबांची टोपी कोणाला विचारून नेली होती, हा प्रश्न मी आज काढत नाही. हनुवटी स्टिअरिंगवर आणि कोपरं बाहेर, अशी गाडी आपल्या घराण्यात एकच बुटका चालवतो. एका हातात रुमाल आहे.

कागदावरचं माझं अक्षर तू ओळखलंस, शववाहिका अडलेली पाहिलीस, गाडी हलवलीस आणि कोणाला न भेटता गेलास. तिची वाट तू मोकळी करून दिलीस, फिन्टन. मी तो फोटो स्वयंपाकघरात उभ्याने पाहिला आणि मग मला बसावं लागलं.

तिसरा ता.क. फोटो कोणाला दाखवलेला नाही. घड्याळामागे आहे. कंपनीलाही नाव कळवलं नाही, आपलेच दात आणि आपलेच ओठ. तू आला नाहीस असं तू सांगितलंस, तेव्हा ते तू सांगेपर्यंत तसंच राहील. गुरुवारी डॉक्टरसमोर मी विसराळू म्हातारा व्हायला तयार आहे. पण व्हायला आवडणार नाही, हे तुझ्यापासून का लपवू? तुला ऊनाला फोन करून एकच वाक्य बोलायचंय: ‘गाडी मी हलवली.’ ती पुढे काही विचारणार नाही. (विचारेल. पण तेव्हा भोंगा वाजतोय असं सांग.)

चौथा आणि शेवटचा. जुलैच्या तिसऱ्या रविवारी आपल्या दफनभूमीत फादर कबरींवर तीर्थ शिंपडणार आहेत, दरवर्षीसारखं. जो तो आपापल्या माणसांपाशी उभा राहतो, तू विसरला नसशील. बर्नाडेट डिंपनाची रक्षा घेऊन येतेय, आईशेजारी ठेवायला. आईच्या कबरीपाशी त्या दिवशी मी एकटा उभा राहू नये असं मला फार वाटतं. आगगाडीने ये. स्टेशनवर न्यायला मी येईन. येऊ शकेन की नाही ते तुझ्या फोनवर आहे. बाजूची सीट तुझ्यासाठी पुढे ओढून ठेवतो.