वाटीतले तांदूळ

मंगळवार, संध्याकाळ

आज रेहाना शिकवणीला आली नाही. काल माझंच चुकलं.

चाळिशीची बाई, दिवसभर बांगड्यांच्या दुकानात उभी असते. शुक्रवारी बालवाडीतल्या नोकरीची मुलाखत, म्हणून माझ्याकडे इंग्रजी शिकते. एका वाटीत बांगड्या, दुसरीत तांदूळ ठेवून मी सांगत होते, बांगड्या मोजता येतात म्हणून 'बँगल्स'. तांदूळ कितीही असले तरी 'राइस'च.

"अहो मॅडम, निवडताना दाणा न् दाणा हाताखालून जातो की! मोजता का नाही येत?"

मी हसलेसुद्धा नाही. पुन्हा 'राइसेस' म्हणाली, तेव्हा तिला उभं करून दहा वेळा 'राइस' म्हणायला लावलं. बरोबर आलेल्या तिच्या लेकीसमोर. दहाही वेळा ती खाली बघत म्हणाली.

कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर मला अश्शाच उभं करायच्या. घरी येऊन मी जेवायचे नाही. एवढं सगळं आठवतं, मग काल कुठे गेलं होतं?

तांदळाची वाटी अजून टेबलावरच आहे. मुलाखत बुडवली तर तिनं?

उद्या सकाळीच कसब्यात तिच्या घरी जाईन. आधी माफी मागेन. तांदूळ बरोबर नेते. दोघी जमिनीवर बसून निवडू, आणि निवडता निवडताच शिकवीन.