लितोचं रक्त

३ जून, सोमवार

भाऊ आर्सिंग गेल्याच्या चाळिसाव्या दिवसाची प्रार्थना झाली. आईने त्याचं ताट वेगळं वाढलं — भात, मासा, सगळं! शेवटी त्याला पाणीही गिळता येत नव्हतं. मान पिळवटून खांद्यात रुतली होती.

आईचे दोन्ही भाऊ असेच गेले. आईकडून मुलग्यांत उतरतो हा रोग. आता उरलो मी आणि लितो. लितोचं लग्न ऑगस्टमध्ये.

५ जून, बुधवार

आमची प्रयोगशाळा अशा घरांतल्यांचं रक्त घेते. मेंदूच्या पेशी झिजू लागल्या की एक प्रथिन रक्तात वाढतं. ते मी मोजतो. निकाल कोणालाही सांगायचा नाही, अशी अट.

रक्त काढून नंबर घालणं विल्माकडे. आज लितो आला. "मानोंग, तू थोरला भाऊ, तू आधी दे. नाहीतर ही विल्मा माझ्यावरच हात साफ करील."

"घाबरतोस काय? लग्नानंतर बायको जन्मभर पिणारच आहे तुझं रक्त!" विल्मा म्हणाली.

तो चिडून माझ्याआधी खुर्चीत बसला.

११ जून, मंगळवार

चाचणीची प्लेट लावली. शेवटी आम्ल घातलं की निळ्याचं पिवळं होतं. जितकं गडद, तितकं प्रथिन जास्त. प्रत्येक नमुना प्लेटच्या दोन खळग्यांत.

एकोणीस नंबर — दोन्ही गडद. वीस फिकट.

नळ्यांवर नावं नसतात. पण लितो आधी बसला होता. एकोणीस त्याचा, वीस माझा.

१३ जून, गुरुवार

पुन्हा लावली. धुण्यात चुकलो असेन, असं वाटलं. दोन खळगे जुळले नसते तर निकाल बाद झाला असता.

जुळले.

१४ जून, शुक्रवार

लितो लग्नाचा शर्ट घालून आला. "असा काय बघतोस, मानोंग? मयताला आल्यासारखा!"

छान आहे म्हणालो.

सांगावं तर लग्न मोडेल. न सांगावं तर त्या मुलीच्या वाट्याला आर्सिंगची करावी लागली तशीच सेवा. तिला काय ठाऊक! अट मोडणार. रविवारी सांगणार.

१५ जून, शनिवार

सांगण्याआधी विल्माला विचारलं — एकोणीस लितोचाच ना?

"धाकट्याचा नंबर तुमच्या आधी कसा घालू, मानोंग? बसला असेल तो आधी. एकोणीस तुमचा."

लितो वाचला! पहिलं हेच मनात आलं.

आई म्हणाली, आज पोटभर जेवलास.