मागच्या अँगलचा पोचा

१२ जानेवारी, रविवार

हाताने केलेलं, आठवलं त्या क्रमाने: शाळेचं सरकतं फाटक. कपिलधारच्या देवस्थानाला आमच्या गावाने दिलेल्या पाण्याच्या टाकीचा स्टँड, उंची अकरा फूट, अजून सूतभर हललेला नाही. उसाच्या ट्रॉल्या, सदतीस. बायकोचं, सुनंदाचं, शेवयांचं यंत्र. वडिलांची शेवटची खाट, डोक्याकडून वर होणारी. मोटारसायकलमागे जोडायचा गाडा, एक. शिकवणारा कोणी नाही. पहिलं वेल्डिंग मशीन भंगारातलं, तेही मीच उघडून, बघून बघून जोडलं.

हे डाव्या हाताने लिहितोय. अक्षर पहिलीतल्या पोराचं. डॉक्टर काल म्हणाले, उजव्या हाताची पकड "काही प्रमाणात" येईल. काही म्हणजे किती? बोटं पाच, सांधे चौदा. यातले कोणते? ते नुसते हसले.

१४ जाने., मंगळ.

विसरण्याआधी. १८ डिसेंबर, बुधवार, दुपारी चार वाजून दहा. फाटक पोचवून परत येत होतो. गाडा रिकामा, मागे दोन्ही बाजूंना रेडियम. मी डाव्या कडेने, सरळ. उसाने भरलेला ट्रक मागून. मागून. मग मी रस्त्याकडेच्या चारीत, आणि हातावर गाडीचं हँडल.

ड्रायव्हरने पोलिसांत सांगितलंय की शेतरस्त्याने गाडा एकदम आडवा आला. आडवा आला तर ठोकर बाजूला बसेल. बसली मागच्या अँगलवर, गाड्याच्या मागच्या आडव्या लोखंडी पट्टीवर. एवढं साधं कोणाला कसं कळत नाही?

१६ जाने., गुरु.

आप्पा आला. माझा साडू, सु.च्या धाकट्या बहिणीचा नवरा. आणि ज्याचा ट्रक, त्याच मालकाकडे मुकादम. डझनभर केळी आणली, चार स्वतःच खाल्ली.

"साडूबुवा, वकिलाच्या नादी लागू नका. वकील आला की भांडण वाढतंय. मालक चांगला माणूस हाय. हात बरा हू द्या, बैठक बसवू, मिटवू."

"आधी मागून ठोकलं म्हणून लिहून द्या म्हणावं."

"आता ते कावून लिहितील?"

सु. आतून म्हणाली, "पावणं, लिहून देत न्हाई तर न्हाई, सालं तरी उचला."

आप्पाचं पटतंही. वकिलाकडे जाणं म्हणजे आपल्याला जमलं नाही असं कबूल करणं. आजवर कोणतं काम जमलं नाही?

२१ जाने., मंगळ.

हवालदार गाडा बघायला आले. त्याच्याभोवती दोन फेऱ्या मारल्या.

"अपघातातला गाडा कुठंय?"

"हाच."

"ह्यो? ह्यो तर शोरूममधून आणल्यावानी दिसतोय."

क्षणभर बरं वाटलं. खोटं कशाला लिहू, बरंच वाटलं. ते गेल्यावर डोक्यात प्रकाश पडला.

गाडा पंचनाम्यात नाहीच. रस्ता मोकळा करायला लोकांनी तो त्याच संध्याकाळी माझ्या घरी आणून टाकला, पोलीस सकाळी आले. २७ डिसें.ला मी दवाखान्यातून आलो तर दारात माझ्या हातची वस्तू वाकडी पडलेली. येणारा-जाणारा बघतोय. मला बघवेना. खाटेवर बसून सांगत गेलो, सु.ने घण मारला, शेजारच्या गफूरभाईंनी टेकू धरला. "डावीकडं, अजून दोन सूत." "सूतबित मला कळत न्हाई, बोट दाखवा, तिथं मारते!" अँगल सरळ झाला. त्यावर ट्रकचा निळा रंग लागला होता, तो मी डाव्या हाताने वायर ब्रशने घासला. प्रायमर मारला. वर करडा रंग, दोन हात.

म्हणजे पुरावा मीच घासून काढला? की मोडलेलं नीट करणं हे माणसाचं कामच आहे? दोन्ही खरं वाटतंय.

३० जाने., गुरु.

बीडला तपासणीला गेलो, स्टँडवर मोटार कायद्याचं मराठी पुस्तक घेतलं. कायदा म्हणजे ड्रॉइंगच असणार, वाचता येईल. पण ड्रॉइंगमध्ये एका बाजूला एकच माप असतं. इथं प्रत्येक कलमाखाली "परंतु".

पुस्तक म्हणतं, नुकसानभरपाईचा दावा सहा महिन्यांच्या आत. डॉक्टर म्हणतात, अपंगत्वाचा दाखला सहा महिने झाल्याशिवाय नाही. दाखल्याशिवाय दावा कसा करायचा? आणि दाखल्यासाठी थांबलो तर दावा कुठला? रात्रभर हेच डोक्यात.

३ फेब्रु., सोम.

सु. भडकली. "सगळं स्वतःच करायचं म्हन्ता. मग दाढ दुखली तवा डॉक्टरकडं कावून गेलता? पक्कड हाय की घरात!"

४ फेब्रु., मंगळ.

सु.ला घेऊन माजलगावला वकील मॅडमकडे गेलो. वय पस्तिशीच्या आतलं. मला काका म्हणाल्या, ते आवडलं नाही.

"काका, पहिल्या आठवड्यात यायचं होतं."

"हात प्लास्टरमध्ये होता."

"पाय तर होते ना?"

सहा-सहाचा घोळ त्यांनी दोन वाक्यांत सोडवला. दावा आत्ता करायचा, दाखला मागाहून जोडायचा. मी चार दिवस डोकं फोडत होतो.

मग एकेक विचारत गेल्या. गाड्याचं पासिंग? घरी बनवलाय. म्हणजे नाही. फोटो? नाही. कामाची बिलं? बिल कशाला, माल बघावा ना माणसाने. त्यांनी पेन खाली ठेवलं. गाडा सरळ करून रंगवला हे सांगितलं तेव्हा चष्माही काढला.

"तो निळा रंगच तर पाहिजे होता, काका."

सु. म्हणाली, "मापांची वही दाखवा की."

मोडक्या वस्तूला माप घेतल्याशिवाय हात लावायचा नाही, हा माझा जुना नियम. घण मारण्याआधी पोचा मापला होता. मी सांगितलं, सु.ने लिहिलं. मागच्या अँगलवर, डाव्या टोकापासून नऊ इंच. लांबी एक फूट चार इंच. खोली दोन इंच तीन सूत. जमिनीपासून मध्य दोन फूट एक इंच. रंग निळा. खाली आकृती, माझ्या डाव्या हाताची, वेडीवाकडी.

मॅडमनी ते पान दोनदा वाचलं.

"हे आधी का नाही सांगितलंत?"

"विचारलं नाही."

"कोर्टात चालेल?" हे सु.ने विचारलं.

"सांगता येत नाही. पण काहीच नव्हतं, आता काहीतरी आहे." आणि बजावलं की कशावरही सही करायची नाही. ट्रकचा विमा चालू होता का ते त्या काढतील. "विमा असता, तर मालकाने केळी पाठवली असती का, याचा विचार करा."

१२ फेब्रु., बुध.

कारखान्याबाहेर ट्रकांची रांग. आमचा निळा सापडला. ऊस उतरवून रिकामा उभा. टेपचं एक टोक सु.ने जमिनीला धरलं, मी बंपरला लावलं. दोन फूट दोन इंच चार सूत. पोच्यापेक्षा दीड इंच वर.

मग आठवलं, त्या दिवशी ट्रक भरलेला होता. भरला की स्प्रिंगा बसतात. किती? दीड इंच बसतील? जास्त?

तेवढ्यात ड्रायव्हर आला. "काय करता बे इथं?" मग हात बघितला, आणि आवाजच बदलला. "काका... मला तर वाटलं तुमी त्या दिवशीच गेलात."

"मागून आलास ना तू?"

मान खाली. "मालक म्हनले तसं सांगितलं. माझं लायसन त्यांच्याकडंय." भरलेल्या ट्रकचं माप घ्यायला उद्या येतो म्हणालो.

१३ फेब्रु., गुरु.

ट्रक नाही. रांगेत दोनदा फिरलो. दुसऱ्या भागात पाठवला म्हणे. ड्रायव्हरही.

२६ फेब्रु., महाशिवरात्र

उपास. लता आली, आप्पाची बायको. भगर घेऊन आली आणि सु.जवळ बसून रडली. "अक्का, केस झाली तर ह्यांची मुकादमी जाईल. मालक म्हनला तसं." सु. तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. लता गेल्यावर भगर तशीच झाकून ठेवली.

आप्पाने काय केलंय? लताने काय केलंय? माझ्या हाताने तरी काय केलं होतं.

१९ मार्च, बुध.

मॅडमचा फोन. ट्रकचा विमा अपघाताच्या सोळा दिवस आधी संपलेला. आता कंपनी नाही, मालकाला खिशातून द्यावं लागेल. "हे चांगलं की वाईट?" "दोन्ही. तो घाबरलाय, म्हणून मिटवायला येतोय. पण जिंकलात तरी त्याच्याकडून वसूल करणं सोपं नाही. वर्षं जातील."

मला एक उत्तर पाहिजे होतं.

१० एप्रिल, गुरु.

आज दुकान उघडलं. उजव्या हातात वेल्डिंगचा होल्डर धरला. पाच मोजेपर्यंत राहिला, मग पडला. परत धरला. चार. रॉड फरशीवर पडल्याचा आवाज गफूरभाईंनी ऐकला, दारापर्यंत आले, आत न येता परत गेले. भला माणूस.

६ मे, मंगळ.

दावा तयार आहे. मुदत १८ जून. सही डाव्या हाताची चालेल, तसं लिहून घेतील. आप्पाने परवा मालकाबरोबर बैठक ठरवलीय. मॅडम म्हणाल्या, "बैठकीला जायचं तर जा, फक्त ऐकून या. कागद न वाचता उठू नका." कागद न वाचता मी कधी उठलोय?

९ मे, शुक्र.

काल बैठक झाली. मंदिरासमोरच्या सभामंडपात. मालक, आप्पा, गावातले चार जण, मी. सु. बाहेर लतापाशी बसलेली, दोघींची तोंडं दोन दिशांना.

मालक नरम बोलला. चहा दिला, कप माझ्या डाव्या हाताशी ठेवला, ते लक्षात आलं. पैसे पिशवीत आणले होते. कागद स्टँपचा, टाईप केलेला. आप्पा कानाशी: "साडूबुवा, एवढं कुनी देत न्हाई. कोर्टात काय हाय तुमच्याकडं? एक वही. आनी रंगवलेला गाडा."

खरं आहे. तेवढंच आहे.

कागद वाचला. "गाडा शेतरस्त्यावरून अचानक आडवा आला." पुढे, "पाच फूट रुंदीचा, निकृष्ट बांधणीचा गाडा." म्हणालो, रुंदी तीन फूट दोन इंच आहे. मालक म्हणाला, "बरं, रुंदी बदलू." म्हणालो, मग आडवा आला ते पण बदला, मागून ठोकलं लिहा. निकृष्ट पण काढा. तो आप्पाकडे बघायला लागला. आप्पा जमिनीकडे.

"ते लिहिलं तर मी अडकतो की," मालक म्हणाला.

"आणि हे लिहिलं तर मी."

उठलो. आप्पा मागे आला नाही. घरी आल्यावर सु. दारात गाड्यापाशी थांबली, मागच्या अँगलवरून बोट फिरवलं, म्हणाली, "लई सरळ केला वो आपन." रागावली का, अजून कळलेलं नाही.

बरोबर केलं का, तेही. सोमवारी मॅडमकडे जायचं.

नाकारलेला आकडा लिहून ठेवतो, उद्या कोणी कमी-जास्त सांगू नये म्हणून. तीन लाख दहा हजार. मालकाने स्वतः फोड करून सांगितली होती: तीन लाख हाताचे, दहा हजार गाड्याचे.